इंदूरच्या दक्षिणेकडील जंगलांतील कार्बनसाठ्याचा नकाशा कसा तयार करावा

नकाशा करायला घेण्यापूर्वी तो कोणाच्या हाती जाणार आणि तो पाहून कोणता निर्णय होणार, हे एका कागदावर लिहून ठेवावे. उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवण्यासाठी माणसे कोणत्या बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, आधी नेमायची, कोणत्या उतारावर काही वर्षे चराई थांबवायची, रस्त्याच्या दोन संभाव्य मार्गांपैकी कोणत्या मार्गाने जंगलाची हानी कमी होईल, असे प्रश्न नकाशाला विचारता येतात आणि प्रत्येक प्रश्नाला लागणारी बारकाई वेगळी असते. जंगलात एकूण कार्बन किती, एवढाच प्रश्न घेऊन निघालेल्या गटाच्या हाती शेवटी एक रंगीत चित्र येते आणि ते चित्र कोणाच्याही कामी येत नाही. म्हणून प्रश्न आधी ठरवावा.

इंदूर वनमंडळात इंदूर, महू, मानपूर आणि चोरल ही परिक्षेत्रे येतात. माळव्याचे पठार जिथे संपते आणि विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो, तिथे या जंगलाचा मोठा भाग आहे. हे उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी जंगल आहे. साग त्यात मुख्य, आणि सोबतीला धावडा, ऐन, सालई, मोह, टेंभुर्णी, पळस, खैर. होळकरांच्या काळापासून इथे राहणाऱ्या मराठी घरांतील अनेकांना पाताळपाणी, जानापाव आणि चोरल ही ठिकाणे लहानपणापासून सहलीची म्हणून ठाऊक आहेत. तिथेच नोंदवही आणि मोजपट्टी घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि निसर्गप्रेमी गटांसाठी हे लिहीत आहे.

काय मोजायचे आणि परवानगी कोणाची

हवामानबदलाच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या मार्गदर्शक पद्धतीत जंगलातील कार्बनची पाच कोठारे मानली जातात: जमिनीवरील सजीव भाग, मुळे, मृत लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही आपल्या अहवालांत याच पाच कोठारांचा हिशेब देते आणि त्या हिशेबात देशाच्या एकूण वनकार्बनपैकी निम्म्याहून अधिक वाटा मातीतला असतो. लहान गटाने पहिल्या वर्षी पाचही कोठारे मोजण्याचा हट्ट धरू नये. झाडे नीट मोजावीत, मुळांचा अंदाज गुणकाने घ्यावा, माती निवडक भूखंडांत तपासावी आणि जे मोजले नाही ते मोजले नाही असे नकाशावरच लिहावे.

परवानगीचे काम दोन-तीन महिने आधी सुरू करावे. राखीव आणि संरक्षित वनासाठी वनमंडळाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्यात भूखंडांची ठिकाणे, दिवस, सहभागी माणसे व मातीचे नमुने किती घेणार हे स्पष्ट लिहावे. रालामंडल हे १९८९ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. तिथे अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव अभिरक्षकांची परवानगी लागते, आणि माती किंवा पालापाचोळा बाहेर नेण्याचा उल्लेख त्या परवानगीत नसेल तर चिमूटभर मातीही उचलू नये. ज्या गावाच्या शिवारालगत काम आहे तिथल्या वनसमितीला भेटून येणे कागदोपत्री बंधनकारक नसले तरी माझ्या दृष्टीने ते सर्वांत आधीचे काम आहे. नाल्यांची, टेकड्यांची आणि जुन्या पायवाटांची खरी नावे त्याच बैठकीत कळतात, आणि पुढे नकाशा वाचणारी माणसेही तीच असतात.

भूखंड किती आणि कुठे

सगळे जंगल मोजता येत नाही, म्हणून नमुना भूखंड घ्यावे लागतात. ते सोयीच्या जागी घेण्याचा मोह फार मोठा असतो. रस्त्याजवळचे, सावलीचे, चढ नसलेले भूखंड घेतले की जंगलाचे चित्र खोटे होते, कारण रस्त्याजवळ तोड जास्त असते आणि कड्याखालच्या ओलसर घळीत मोठी झाडे टिकून असतात. म्हणून जंगलाचे आधी थर, म्हणजे एकसारख्या जंगलाचे गट, करावेत. वन सर्वेक्षण संस्थेची वर्गवारी यासाठी सोयीची आहे: छत्र, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन, ७० टक्के किंवा अधिक असल्यास अतिघन, ४० ते ७० टक्के मध्यम घन, १० ते ४० टक्के विरळ आणि १० टक्क्यांहून कमी असल्यास झुडपी जंगल. आपल्या भागात अतिघन जंगल फारच थोडे असल्याने तो थर मध्यम घन थरात मिळवावा आणि नाल्याकाठच्या जंगलाचा स्वतंत्र थर करावा. जांभूळ, अर्जुन, उंबर अशी नाल्याकाठची झाडे टेकडीवरच्या सागापेक्षा इतकी वेगळी असतात की त्यांना एकाच सरासरीत कोंबणे चूक ठरते.

प्रत्येक थरात भूखंडांचे मध्यबिंदू संगणकाकडून यादृच्छिक रीतीने निवडून घ्यावेत आणि एकदा निवडले की बदलू नयेत. बिंदू खरोखरच कड्यावर पडला आणि पोहोचणे जिवावर बेतणारे असेल तरच तो सोडावा आणि तशी नोंद ठेवावी. संख्येचा अंदाज असा करता येतो. भूखंडा-भूखंडांतील चढउतार सरासरीच्या ५० टक्के आहे असे धरले आणि उत्तर ९५ टक्के खात्रीने २० टक्क्यांच्या मर्यादेत हवे असेल, तर सुमारे २५ भूखंड लागतात. मर्यादा १० टक्के हवी असेल तर सुमारे १०० लागतात. अचूकता दुप्पट करायची तर श्रम चौपट होतात, हे गटातील सर्वांना पहिल्याच दिवशी समजलेले बरे. थर पाडले की याच श्रमात उत्तर अधिक नेमके येते.

भूखंडाचे क्षेत्र ०.१ हेक्टर ठेवावे. चौरस आखायचा तर बाजू ३१.६२ मीटर येते, वर्तुळ आखायचे तर त्रिज्या १७.८४ मीटर. मी वर्तुळाच्या बाजूने आहे, कारण उतारावर चौरसाचे कोपरे काटकोनात बसवण्यात अर्धा तास जातो. मात्र त्रिज्या आडव्या पातळीतील असते, जमिनीवरून मोजलेली नव्हे. २० अंशांच्या उतारावर चढाच्या दिशेने दोरी १८.९८ मीटर धरावी लागते, ३० अंशांवर २०.६० मीटर. ही दुरुस्ती विसरली तर विंध्याच्या उतारावरचा प्रत्येक भूखंड प्रत्यक्षात लहान पडतो आणि जंगल आहे त्याहून विरळ दिसते. त्याच वर्तुळात झुडपे व रोपे मोजण्यासाठी ३ मीटर बाजूचे दोन लहान चौरस आणि पालापाचोळ्यासाठी १ मीटर बाजूचे चौरस आखावेत.

झाड मोजणे

या कामाचा खरेपणा खोडाभोवती धरलेल्या मोजपट्टीवर ठरतो, म्हणून इथे घाई करू नये. भारतात छातीच्या उंचीचे माप जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, तर आंतरराष्ट्रीय अभ्यासांत बहुधा १.३ मीटरवर. आपण १.३७ धरावे आणि सर्वांनी तेच धरावे. त्यासाठी बरोबर तेवढ्या लांबीची काठी कापून प्रत्येक जोडीला द्यावी. उतारावर काठी खोडाच्या वरच्या अंगाला टेकवावी. झाड कललेले असेल तर उंची खोडाच्या रेषेत मोजावी. १.३७ मीटरच्या खाली फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड स्वतंत्र मोजावे. त्याच्या वर फुटल्या असतील तर ते एकच खोड. माळव्यातला साग पुष्कळ ठिकाणी तोडलेल्या बुंध्यापासून फुटून आलेला असल्याने एकाच जागी तीन-चार खोडे सापडतात. त्यांची बेरीज करून एक जाड झाड बनवू नये, कारण जैवभार, म्हणजे झाडाचे कोरडे वजन, व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. मोह आणि पळस यांची जुनी खोडे पोकळ असू शकतात. काठीने वाजवून पाहावे आणि शंका असल्यास नोंदवहीत 'पोकळ' असे लिहावे. वेल खोडाला बिलगलेली असेल तर पट्टी तिच्या आतून न्यावी.

आमच्या गटाच्या पहिल्याच हंगामात एका जोडीने घेर लिहिला आणि दुसऱ्या जोडीने व्यासाच्या पट्टीने व्यास, आणि दोन्ही एकाच रकान्यात गेले. घेराला व्यास समजून हिशेब केला की एका झाडाचा जैवभार नऊपटीहून अधिक फुगतो. चूक पकडायला तीन आठवडे लागले आणि काही भूखंड पुन्हा मोजावे लागले. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत 'घेर, सेंटिमीटर' असा एकच रकाना आहे आणि व्यास संगणक काढतो. चूक एवढी ढोबळ नसली तरी परिणाम मोठा असतो: २४ सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचा व्यास २६ लिहिला गेला तर जैवभार सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दर दहा भूखंडांमागे एक भूखंड दुसऱ्या जोडीकडून, पहिल्या नोंदी न दाखवता, पुन्हा मोजून घ्यावा.

उंचीसाठी क्लिनोमीटर, म्हणजे चढाचा कोन मोजणारे साधे उपकरण, पुरतो. झाडापासून निदान झाडाच्या उंचीएवढे दूर उभे राहून शेंडा आणि बुंधा अशा दोन नोंदी घ्याव्यात. पानगळीनंतर शेंडा स्पष्ट दिसतो, पण तेव्हा जात ओळखणे अवघड होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ दोन्ही दृष्टींनी बरा.

जातीचे नाव हा इथला नाजूक भाग आहे. आपण ज्याला ऐन म्हणतो त्याला वनरक्षक साज म्हणतात, आपला पळस माळवीत खाखरा होतो, बिबळ्याला बीजा म्हणतात, बहाव्याला अमलतास आणि टेंभुर्णीला तेंदू. तीन भाषांतील तीन नावांनी एकच झाड वहीत तीन जाती म्हणून उतरू शकते, आणि लाकडाची घनता जातीवरून ठरत असल्याने ही चूक थेट हिशेबात शिरते. धावड्याचे लाकूड जड, सालईचे हलके, सावरीचे तर फारच हलके. म्हणून मराठी, हिंदी-माळवी आणि शास्त्रीय अशा तीन नावांचा तक्ता छापून प्रत्येक वहीत चिकटवावा, आणि ओळख न पटलेल्या झाडाचे पान, साल व फळ यांची छायाचित्रे क्रमांकासह घ्यावीत. त्या तक्त्यात भिल्ल आणि भिलाला सहकाऱ्यांनी सांगितलेली नावे घालण्यासाठी चौथा रकाना मोकळा ठेवावा. पानगळ झालेले झाड नुसत्या सालीवरून ओळखणारी माणसे मी त्यांच्यातच पाहिली आहेत.

पालापाचोळा १ मीटरच्या चौरसातून गोळा करून जागीच ओला तोलावा, त्यातला थोडा नमुना पिशवीत आणून भट्टीत ७० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि ओल्या-कोरड्याचे प्रमाण साऱ्या ढिगाला लावावे. पडलेल्या ओंडक्यांची लांबी आणि दोन्ही टोकांचे व्यास घ्यावेत. कुजलेल्या लाकडाची घनता ताज्या लाकडाएवढी धरू नये.

माती

इथली माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. सपाटीवर काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. उतारावर उथळ आणि दगडगोट्यांनी भरलेली. दोन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत. साधारणपणे वरच्या ३० सेंटिमीटरचा हिशेब करतात. हेक्टरी कार्बन टनांत काढण्यासाठी सेंद्रिय कार्बनची टक्केवारी, मातीची स्थूल घनता (कोरड्या मातीचे वजन भागिले तिने जागेवर व्यापलेले आकारमान) ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणि खोली सेंटिमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा, आणि दगडांनी व्यापलेला भाग वजा करावा. समजा टक्केवारी १.२, घनता १.३ आणि खोली ३० आहे, गुणाकार ४६.८ टन येतो. पण त्या मातीत आकारमानाने ३० टक्के दगड असतील तर खरे उत्तर ३२.८ टन. उतारावरच्या जंगलात दगड वजा न करणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे.

काळ्या मातीत स्थूल घनता ओलाव्याबरोबर बदलते, कारण ती माती फुगते आणि आकसते. भेगा पडलेल्या उन्हाळ्यात नमुना घेऊ नये. पावसाळा संपून माती ओलसर पण चिखल नसलेली असते तेव्हा घ्यावा. दुसरे असे की या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतही कार्बन असतो, पण तो सेंद्रिय नव्हे. नमुना जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्रावर दिला तर प्रयोगशाळेला चुना आम्लाने काढून टाकण्यास स्पष्ट सांगावे. वॉकली-ब्लॅक ही रासायनिक पद्धत वापरत असल्यास ती सगळा सेंद्रिय कार्बन पकडत नाही, म्हणून प्रयोगशाळेने दुरुस्तीचा गुणक लावला आहे की नाही हे अहवाल घेतानाच विचारावे.

हिशेब

जमिनीवरील जैवभारासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेले चेव्ह आणि सहकाऱ्यांचे समीकरण वापरता येते. ते उष्ण कटिबंधातील ५८ ठिकाणच्या ४,००४ झाडांच्या मापांवर आधारलेले आहे. लाकडाची घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, व्यास सेंटिमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये घ्यावी; घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करावा; त्या गुणाकाराचा ०.९७६ हा घात काढावा आणि ०.०६७३ ने गुणावे. उत्तर किलोग्रॅममध्ये, कोरड्या वजनाचे येते. इथे घनता म्हणजे भट्टीत वाळवलेल्या लाकडाचे वजन भागिले ओल्या लाकडाचे आकारमान. इमारती लाकडाच्या तक्त्यांत बहुधा १२ टक्के ओलाव्याची घनता दिलेली असते आणि ती तशीच घेतली तर उत्तर वाढीव येते.

एक उदाहरण घेऊ. सागाचा घेर ७५.४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २४, उंची १२ मीटर, घनता ०.५५ धरली. गुणाकार ३,८०१.६ येतो आणि जैवभार सुमारे २१० किलोग्रॅम. कोरड्या जैवभाराचा ०.४७ भाग कार्बन धरतात, म्हणून सुमारे ९९ किलोग्रॅम कार्बन. त्याला ४४ भागिले १२ ने गुणले की सुमारे ३६२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिळतो. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची गल्लत वृत्तपत्रांत नेहमी होते, म्हणून नकाशाच्या सूचीत 'टन कार्बन प्रति हेक्टर' असे पूर्ण लिहावे.

मुळांसाठी आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत शुष्क उष्ण कटिबंधीय जंगलाकरिता दोन गुणक आहेत: जमिनीवरील जैवभार हेक्टरी २० टनांहून कमी असेल तर ०.५६ आणि अधिक असेल तर ०.२८. २० टनांच्या आसपास या गुणकामुळे आकड्यात अचानक उडी येते आणि आपली पुष्कळ विरळ जंगले नेमकी तिथेच असतात. त्यामुळे मुळांचा आकडा नकाशावर वेगळा ठेवावा, म्हणजे ती उडी जंगलातली नसून हिशेबातली आहे हे वाचणाऱ्याला कळते. साग आणि इतर मुख्य जातींसाठी वन सर्वेक्षण संस्थेची घनफळाची समीकरणे उपलब्ध आहेत. काही भूखंडांचा हिशेब त्यांनीही करून पाहावा आणि दोन पद्धतींतला फरक अहवालात द्यावा.

सरासरी काढताना थरांचे क्षेत्र विसरू नये. समजा घन थर ४०० हेक्टर आहे आणि तिथे हेक्टरी ६० टन कार्बन सापडला, विरळ थर १,६०० हेक्टर आहे आणि तिथे २० टन. दोन आकड्यांची साधी सरासरी ४० येते, पण क्षेत्राप्रमाणे भार दिला की खरी सरासरी २८ टन आहे.

उपग्रहाची चित्रे जोडणे

भूखंडांमधील मोकळी जागा भरून काढण्यासाठी उपग्रह लागतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात आणि मुख्य पट्ट्यांत त्यांचा एक ठिपका १० मीटरचा असतो. इथे ऋतूची निवड निर्णायक आहे. पावसाळ्यात ढग असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असल्याने जंगल ओसाड माळासारखे दिसते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचे चित्र सर्वांत उपयोगी. त्याला जानेवारी-फेब्रुवारीचे चित्र जोडावे, कारण तेव्हा जंगल पाने गाळत असते आणि शेजारच्या शेतात गहू व हरभरा हिरवा असतो, म्हणून शेत आणि जंगल सहज वेगळे होतात. भूखंड ज्या वर्षी मोजले त्याच वर्षीची चित्रे घ्यावीत.

हिरवेपणाचा निर्देशांक दाट छत्रावर लवकर थिटा पडतो, कारण वरून पान दिसते आणि खोड दिसत नाही. त्यासाठी रडार कामी येते. सेंटिनेल-१ चे सी-पट्ट्यातील रडार विरळ जंगलापुरते उपयोगी आहे. जपानच्या पालसार रडारचा एल-पट्टा फांद्या आणि खोडांपर्यंत अधिक पोहोचतो. भारत आणि अमेरिकेचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्यात एल आणि एस असे दोन्ही पट्टे आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो, त्यामुळे आपल्यासारख्या शुष्क जंगलांसाठी मला त्याच्याकडून मोठी आशा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील गेडी हे लेसर उपकरण सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांत झाडांची उंची मोजते. त्याचे ठिपके विखुरलेले असल्याने त्यांतून सलग नकाशा होत नाही, पण आपल्या उंचीच्या नोंदी पडताळून पाहता येतात. तीव्र उतारावरचे ठिपके मात्र वगळावेत, कारण तिथे जमिनीचा चढ झाडाच्या उंचीत मिसळतो.

सर्व नकाशे आणि चित्रे क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-प्रणालीत आणून एकाच प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या एकाच रीतीत, ठेवावीत. इंदूरसाठी यूटीएम ४३ उत्तर हा विभाग योग्य आहे. अक्षांश-रेखांशांच्या अंशांत क्षेत्र मोजू नये. मोबाइलचा जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणून मध्यबिंदूवर काही मिनिटे थांबून नोंदींची सरासरी घ्यावी आणि भूखंडावर पडणाऱ्या सर्व ठिपक्यांची सरासरी प्रतिमानाला, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून कार्बनचा अंदाज करणाऱ्या संगणकीय हिशेबाला, द्यावी. प्रतिमानासाठी रँडम फॉरेस्ट पद्धत सोपी आणि बळकट आहे, पण ५०-६० भूखंड असताना तिला चित्रांतून काढलेले ४० निर्देशांक देऊ नयेत, सहा-सात पुरेत. या पद्धतीची एक खोड लक्षात ठेवावी: ती विरळ जागी कार्बन जास्त आणि दाट जागी कमी दाखवते. नाल्याकाठची मोठी झाडे नकाशावर त्यामुळेच दबून जातात, आणि नेमकी तीच राखण्यासारखी असतात.

पडताळणीसाठी भूखंड यादृच्छिकपणे बाजूला काढले तर शेजारचा भूखंड प्रतिमानाला उत्तर सांगून टाकतो आणि अचूकता फसवी येते. त्याऐवजी मानपूरचे सगळे भूखंड बाजूला ठेवून उरलेल्यांवर प्रतिमान बसवावे, मग चोरलचे बाजूला ठेवावेत, असे आळीपाळीने करावे. चूक वाढलेली दिसेल, पण ती खरी असेल. कार्बनच्या नकाशासोबत त्याच आकाराचा अनिश्चिततेचा नकाशा छापावा. संपूर्ण क्षेत्राची बेरीज सांगताना नकाशाचे ठिपके नुसते मिळवू नयेत. थरनिहाय भूखंडांवरून काढलेली सरासरी आणि तिची ९५ टक्के खात्रीची मर्यादा द्यावी.

संरक्षणासाठी वाचन

कार्बनचा नकाशा एकटा वाचू नये. त्यावर वणव्याच्या नोंदी ठेवाव्यात. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरील संवेदकाच्या ३७५ मीटर बारकाईच्या नोंदी विनामूल्य मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात आणि तिथून आग पसरते. अशा आगीत मोठी झाडे बहुधा मरत नाहीत, म्हणून पुढल्या वर्षीच्या नकाशावर काहीच बदललेले दिसत नाही. पण वर्षामागून वर्षे रोपे जळत राहतात आणि मोठ्या झाडांची जागा घ्यायला कोणी उरत नाही. ३ मीटरच्या चौरसांत मोजलेली रोपे इथे कामाला येतात. जिथे कार्बन जास्त, आग वारंवार आणि रोपे नगण्य, ती जागा जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा) आणि राखणदार यांसाठी पहिली. मोह वेचणाऱ्या कुटुंबांशी बोलून झाडाखालचा पाला झाडून बाजूला करण्याची किंवा जाळी पसरण्याची सोय करता आली, तर तो उपाय दंडापेक्षा अधिक टिकतो असे माझे मत आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कमी कार्बन म्हणजे पडीक जमीन असे कोणी वाचू लागले तर हाच नकाशा नुकसान करील. रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही अभयारण्ये १९८३ साली खरमोर या माळावरच्या पक्ष्यासाठी राखली गेली. त्या पक्ष्याला उघडे गवताळ रान लागते, आणि कार्बन वाढवण्याच्या नावाखाली तिथे झाडे लावली तर त्याचे घर जाते. म्हणून गवताळ माळ, देवराई आणि पाणथळ जागा यांवर स्वतंत्र खूण करून 'इथे वृक्षलागवड नको' असे नकाशावरच छापावे.

गावात न्यायचा नकाशा कागदावर मोठा छापावा, त्यात वनखात्याच्या कक्ष क्रमांकांबरोबर नाल्यांची व टेकड्यांची स्थानिक नावे असावीत आणि रंग चार-पाचच असावेत. वनाधिकार अधिनियम, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या किंवा मागितलेल्या ग्रामसभांना आपल्या वनाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करताना अशी माहिती उपयोगी पडते, म्हणून एक प्रत त्यांच्या दप्तरी राहू द्यावी आणि एक वनमंडळाच्या कार्य-आयोजनेसाठी द्यावी. मोठ्या सागाच्या आणि बिबळ्याच्या झाडांची नेमकी ठिकाणे मात्र सार्वजनिक करू नयेत. बाहेर द्यायचा नकाशा एक किलोमीटरच्या चौकटींत ढोबळ करावा.

एकदा केलेला नकाशा त्या वेळचा साठा सांगतो, बदल सांगत नाही. वेगळ्या पद्धतीने केलेले दोन नकाशे वजा करून मिळालेला फरक पुष्कळदा पद्धतीचाच असतो. कार्बन क्रेडिटचे आश्वासन घेऊन कोणी आले तर हा फरक समजावून सांगावा आणि घाईने सही करू नये. बदल पाहायचा तर तेच भूखंड, तीच झाडे, पाच वर्षांनी. त्यासाठी मध्यबिंदूवर लोखंडी गज रोवला तर तो उपटला जाण्याची शक्यता धरून तीन ठळक झाडे किंवा खडक निवडावेत आणि त्यांपासूनचे अंतर व होकायंत्राची दिशा लिहून ठेवावी. झाडांना खिळे ठोकू नयेत, १.३७ मीटरवर रंगाची बारीक रेघ ओढावी आणि दर उन्हाळ्याआधी ती फिकी पडली आहे का ते पाहून पुन्हा ओढावी. मूळ नोंदवह्यांची पानोपान छायाचित्रे काढून निदान तीन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. त्या वह्यांत झाडाचा क्रमांक, तिन्ही भाषांतील नावे, घेर, उंची, मोजणाऱ्याचे आद्याक्षर आणि तारीख असावी, म्हणजे पाच वर्षांनी वेगळीच माणसे डोंगर चढून गेली तरी त्यांना तेच झाड सापडेल.